राखणदाराची बाटली

साळखणात देवकीच्या नाकाचा दरारा होता. पेडण्याहून चार-पाच किलोमीटर आत, काजूच्या डोंगराच्या पायथ्याशी शंभरेक घरांचं हे गाव. एक शाळा, एक देऊळ, आणि शिवेवरच्या वडाखाली राखणदाराचा धोंडा. या गावात कुठला बाप्या काय पिऊन आला ते देवकी त्याने पायरीवर पाय ठेवायच्या आधी सांगायची. हुर्राक, म्हणजे काजूची पहिली धार, असली तर पिकल्या बोंडूचा कोवळा आंबूस वास. काजूची फेणी असली तर तोच वास, पण धार लावलेला. माडाची असली तर जरा गोडसर. आणि रम असली तर जळलेल्या गुळासारखा.

"वयनी, तुझां नाक अबकारी खात्यात लाव," बारवाला बाबली तिला रस्त्यात गाठून म्हणायचा. "इन्स्पेक्टराची जीप वाचात."

"आदी तुझां दुकान हुंगतलंय," देवकी म्हणायची आणि हसतच पुढे जायची. हसायचे दिवस होते असं नाही, पण बाबलीवर रागावणं कुणालाच जमत नसे.

हे नाक तिने माहेराहून आणलेलं नव्हतं. माहेर आरोंद्याचं, खाडीच्या पलीकडलं, आणि तिथे घरात दारू औषधालासुद्धा नव्हती. नाक तयार झालं ते लग्नानंतरच्या अकरा वर्षांत. तिचा नवरा गोकुळदास चिरेखाणीवर काम करायचा. जांभ्या दगडाचा चिरा त्याच्या हातून असा सुटायचा की त्याला रंधा मारायला नको. संध्याकाळी तो तांबड्या मातीने माखून परतायचा तो थेट घरी नाही, बाबलीच्या बारवर. अंग दुखतं, एक घोट मारला की हाडं जागेवर बसतात, असं खाणीवरचे सगळेच म्हणत. बाकीच्यांची हाडं एका घोटात जागेवर बसत. गोकुळदासची बसत नसत.

तो मारायचा नाही. शिव्याही द्यायचा नाही. शुद्धीवर असला की पोरीच्या, तनयाच्या, केसांना तेल लावून दोन वेण्या घालायचा, आणि बायकांना लाजवील अशा सरळ घालायचा. म्हणूनच देवकीला त्याच्यावर धड चिडता येत नसे. तो फक्त थोडा थोडा कमी होत चालला होता. आधी रविवारचा बाजार त्याच्या हातून सुटला, मग खाणीवरचे दिवस सुटू लागले, मग लोकांची नावं. आणि एके दिवशी तो तनयाला घेऊन पेडण्याच्या बाजारात गेला आणि परत आला तेव्हा हातात छत्री होती, पोर नव्हती.

"चेडू खंय?" देवकीने विचारलं.

त्याने छत्रीकडे पाहिलं. मग मागे रस्त्याकडे पाहिलं. मग तो पायरीवर बसला आणि त्याने छत्री मांडीवर घेतली.

तनया बसथांब्यावर एका चणेवाल्या बाईकडे मिळाली. सात वर्षांची पोर, रडतही नव्हती. "बाबा येतले म्हणान सांगान गेले," एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात गोकुळदास आपणहून उठला, कपड्यांची पिशवी भरली आणि देवकीला म्हणाला, "बांबोळीक चल. माका थंय ठेव."

पंधरा दिवस बांबोळीच्या हॉस्पिटलात राहून तो चवथीच्या आदल्या दिवशी घरी आला. गाल बसलेले, हात कापत होते, पण डोळे स्वच्छ. गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी तो वडाखाली गेला. साळखणात असं आहे की देवळातल्या देवाला फुलं लागतात, पण गावाच्या शिवेवर फिरतो तो राखणदार. कुणाची गाय हरवली, कुणी नवी मोटारसायकल घेतली, कुणाचा मुलगा बोटीवर लागला, की त्याच्या धोंड्यापुढे रोट, विडी आणि पेलाभर दारू, म्हणजे कोपभर सोरो, ठेवायचा. तो त्याचा मान. काठी टेकत, खडावा वाजवत तो गावाभोवती फिरतो आणि खोटं बोलणाऱ्याला सोडत नाही, हे साळखणात शाळेतल्या पाढ्यासारखं सगळ्यांना पाठ.

गावचा मुख्य मानकरी रामचंद्र गावकर. त्यानेच गाऱ्हाणं घातलं. गोकुळदासने धोंड्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "परत तोंडाक लावलंय, तर तू माका बघून घे."

मागे उभ्या असलेल्या देवकीच्या अंगावर काटा आला. पण मनात तिला बरं वाटलं. डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा हा बांध पक्का.

*

गोव्याचं राज्य होऊन पाच वर्षं झाली होती. पेडण्याच्या कचेऱ्यांवर नवे फलक लागले होते आणि कायद्याची भाषा गावातल्या लोकांच्या तोंडात येऊ लागली होती. अंगणवाडीची सुमंगला ही देवकीची जिवाची मैत्रीण. तिने कुठूनतरी शोधून आणलं की शाळेपासून आणि देवळापासून शंभर मीटरच्या आत दारूचं दुकान चालत नाही.

"बाबलीचो बार शाळेपासून किती?" देवकीने विचारलं.

"मापूक कोण गेला?" सुमंगला म्हणाली. "आता जाव्या."

दोघींनी घरोघरी जाऊन एकसष्ट बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत अर्ज दिला. देवकी आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांपुढे बोलली आणि बोलली ती फक्त छत्रीची गोष्ट. सभेत कुणी हसलं नाही. गावात दारू विकायची नाही आणि ठेवायची नाही, असा ठराव झाला.

मार्चमध्ये अबकारी खात्याचा इन्स्पेक्टर फीत घेऊन आला. फितीचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता, तेव्हा बाबली स्वतःच पुढे झाला. शाळेच्या फाटकापासून आपल्याच बारच्या दारापर्यंत तो फीत ओढत निघाला, मागे सगळं गाव.

"चौऱ्याऐंशी," इन्स्पेक्टर म्हणाला.

"सोळा मीटरांनी मेलंय," बाबली म्हणाला. "बापसान बार बांदताना वीस पावलां थंय सरकवलो आसतो तर."

एकतीस मार्चला त्याच्या परवान्याची मुदत संपली ती पुन्हा वाढली नाही. बायकांनी गूळ-खोबरं वाटलं. बाबलीनेही हात पुढे करून घेतलं. बारच्या खोलीत त्याने नारळ साठवायला सुरुवात केली, आणि संध्याकाळी त्या रस्त्याने जाताना देवकीला पहिल्यांदाच तिथे नुसत्या नारळाच्या सोडणांचा वास आला. ती तिथे थांबून राहिली. अकरा वर्षांनी तिच्या नाकाला सुट्टी मिळाली होती.

*

चैत्रात एक अडचण उभी राहिली, जिचा विचार कुणीच केला नव्हता. रामचंद्र गावकराच्या पुतण्याने नवी मोटारसायकल आणली. राखणदाराला सोरो द्यायचा तर आणायचा कुठून? आजवर लागेल तेव्हा बाबलीकडून कोपभर आणायचा. आता हमरस्त्यावरच्या बारपर्यंत चार किलोमीटर जायचं, आणि ठरावाप्रमाणे बाटली गावात आणून ठेवताही येत नाही.

वडाखाली बैठक बसली. इन्स्पेक्टरला रामचंद्र गावकर आधीच भेटून आला होता.

"तो म्हणता, देवाच्या कामाक एका घरात एक बाटली ठेवलास तर कायदो काय करूचो नाय. पण एकाच घरात. घरोघर सुरू केलास तर माका येवचां पडतला."

"मग तुमच्याच घरात ठेवा, काका," कुणीतरी म्हणालं. "मान तुमचो."

"माझ्या घरात दोन झील आसत. बाटली चार दिस टिकूची नाय."

बैठक हसली. ते दोघे मुलगे तिथेच बसले होते, तेही हसले.

"अंगणवाडीत ठेवया," बाबली मागून म्हणाला. "पोरां दुपारची निजत नाय म्हणान सुमंगलाबाय सांगी होती."

पुन्हा हशा. सुमंगलाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाजूच्याच्या पाठीमागे झाला. मग दहा घरांची नावं निघाली आणि प्रत्येक नावाला कुणी ना कुणी खोकलं. शेवटी रामचंद्र गावकराने हात वर केला.

"गोकुळदासाक देवया," तो म्हणाला. "ह्या गावात धोंड्यार हात ठेवन बोललेलो तो एकटो. तुमी-आमी सगळे मोकळे, तो बांदलेलो. बांदलेलो माणूस हात लावचो नाय."

कुणी खोकलं नाही. त्यात काही खोट आहे असं एकालाही वाटलं नाही. वाटायचं काय? राखणदारापेक्षा मोठं कुलूप साळखणात नव्हतं.

देवकीने नवऱ्याकडे पाहिलं. शाळेत बक्षिसाला आपलं नाव पुकारल्यावर मागल्या बाकावरचं पोर जसं आजूबाजूला बघतं, तसा तो बघत होता. अकरा वर्षं लग्नाकार्यात त्याला पंगतीच्या टोकाला बसवत, उठून जायला सोपं पडावं म्हणून. अकरा वर्षं देवकी हळदीकुंकवाला गेली की बायका आपलं बोलणं मध्येच तोडून तिला चहा विचारत.

"नाय म्हण गो," सुमंगला तिच्या कानाशी म्हणाली. "देवकी, नाय म्हण."

"राखणदाराचां काम," देवकी म्हणाली. "नाय कसां म्हणू?" आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमच्या घरात ठेवा. मी बघतंय."

*

बाटली देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर बसली. काचेची, लांब मानेची, वरती लाकडाचं बूच. डोंगरापलीकडल्या दारूच्या भाटीवरून रामचंद्र गावकर ती भरून आणायचा. गावात कुणाचं काही असलं की माणूस दाराशी येऊन हाक मारायचा, "गोकुळदासा, राखणदाराचां जरा." मग गोकुळदास अंघोळ करायचा, धुतलेला पंचा गुंडाळायचा, कोप भरायचा आणि त्या माणसाबरोबर वडाकडे जायचा. लोक त्याला पाट द्यायचे. बायका देवकीला बोलणं न तोडता आपल्यात बसवायच्या. चिरेखाणीवरही मुकादम त्याला आता 'गोकुळदासभाऊ' म्हणू लागला.

देवकी मूर्ख नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिने बाटलीतल्या फेणीच्या रेषेवर काळा दोरा बांधला. काम झालं की नवी रेषा बघून दोरा खाली सरकवायची. चार दिवसांनी गोकुळदासच्या ते लक्षात आलं.

"हो दोरो कसलो गो?"

"दिष्ट लागू नये म्हणान."

"बाटलयेक दिष्ट लागता?"

ती पोळ्या लाटत राहिली. त्याने दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"खोटां बोली होतंय तेवां तू माका हुंगान धरी होतंस," तो म्हणाला. "आता खरां बोलतंय तर दोरो बांदतंस."

"तुमच्यासाठी नाय तो."

"मग कोणासाठी? चेडवासाठी?"

तिने पोळी तव्यावर टाकली. दोरा सोडला नाही. आणि त्यानंतरच्या अकरा महिन्यांत दोरा जिथे बांधला तिथून फेणी केसभरही खाली गेली नाही. देवकी रोज सकाळी दिवा लावताना बघायची. दोरा आणि रेषा, रेषा आणि दोरा. हळूहळू ती दिव्यापेक्षा त्या रेषेलाच हात जोडू लागली.

आणि नाक? नाकाचं काय झालं हे तिला फार उशिरा कळलं. बाटली घरात आली तेव्हापासून घराला वास लागला. कोप भरताना थेंब सांडायचा, त्याची बोटं भिजायची, पंच्याला वास, फळीला वास. तो वडाकडून परत आला की त्याच्या अंगाला फेणीचा वास असायचाच, आणि तो असायलाच हवा होता. पहिल्यांदा तिचं काळीज लक्कन हललं. दुसऱ्यांदा जरा कमी. पावसाळा सुरू झाला, दारं-जनेलं बंद झाली, आणि श्रावण येईतो देवकीचं ते प्रसिद्ध नाक, स्वतःच्याच घरात, मेलं.

*

शिगमो आटपला की पाचव्या दिवशी राखणदाराचं वर्षाचं देणं असतं. सकाळचं कोवळं ऊन असतं, सगळं गाव जमतं. धोंड्यापुढे नारळाच्या सोडणांचा विस्तव करतात आणि गाऱ्हाणं झालं की त्यावर कोपभर फेणी ओततात. गुडघ्याएवढी निळी ज्वाळ उठते. ज्वाळ उठली की वर्ष सुखाचं. आजवर ती उठली नाही असं कुणाला आठवत नव्हतं, कारण फेणी पेटतेच. पण आपल्या डोळ्यांदेखत उठली की बरं वाटतं.

रामचंद्र गावकराने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा राखणदारा, ह्या गावची पोरां-बाळां, गोरां-ढोरां, जी कोण परगावाक गेली आसत ती, सगळ्यांची राखण कर."

"व्हय म्हाराजा," गावाने म्हटलं.

"कोणी जाणता-अजाणता चुकला-माकला आसात, तां पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

गोकुळदासने कोप पुढे केला. देवकी बायकांत पहिल्या रांगेत उभी होती, नव्या लुगड्यात. तिला त्याचा हात दिसला. हात कापत होता. वर्षभरात न कापलेला हात. तिला वाटलं, उपाशीपोटी आहे.

रामचंद्र गावकराने कोप ओतला. विस्तव चुर्रर्र झाला आणि काळा पडला. थोडा पांढरा वाफारा वर गेला. बस्स.

गावकराने बाटली मागवली. पुन्हा ओतलं. पुन्हा चुर्रर्र. मग त्याने बाटलीच्या तोंडाला बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि गोकुळदासकडे न बघता म्हणाला, "पाणी."

वडावर कावळे ओरडत होते. तनया आईचा पदर धरून उभी होती. तिने तो सोडला आणि बापाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. गोकुळदासने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. धोंड्याकडे बघत राहिला.

घरी परसात, मागल्या पायरीवर, देवकीने विचारलं, "कदीपासून?"

"नागपंचमीच्या आदी." तो आपल्या बोटांकडे बघत बोलत होता. "रावळाची गाय गावली तो दिस. पाऊस होतो. ओतन झाल्यार बोट चाटलंय. एक बोट. दुसऱ्या खेपेक दोन."

"आनि पाणी?"

त्याने बोटं पंच्याला पुसली. मग म्हणाला, "तुझ्या दोऱ्यासाठी."

*

तो प्याला म्हणून गाव रागावलं नाही, हे सांगून ठेवायला हवं. पिणारे काय कमी होते? गाव रागावलं ते त्याने राखणदाराला पाणी पाजलं म्हणून. नागपंचमीपासून जे जे वाईट झालं होतं ते आता मोजून त्याच्या दारात आणून टाकलं. रामचंद्र गावकराची वासरी बिबट्याने नेली ती. शाळेची कौलं वाऱ्याने गेली ती. पुतण्याची मोटारसायकल धारगळच्या वळणावर घसरून पाय मोडला तो. अर्जावर सह्या केलेल्या बायका देवकीच्या घरासमोरून जाताना मान पलीकडे वळवू लागल्या. ज्या सुमंगलाने तिला नाही म्हण म्हणून सांगितलं होतं, तिने मात्र "मी तुका सांगितलां होतां" हे शब्द एकदाही काढले नाहीत. त्यामुळे देवकीला तिच्यासमोर जाणं जास्तच कठीण झालं.

गोकुळदासने आता लपवायचं सोडलं. गावात दारू नव्हती, म्हणून तो सकाळी उठून हमरस्त्यावर चालत जायचा आणि दुपारी परत यायचा. वाटेत व्हाळ आहे, म्हणजे ओढा, आणि व्हाळावर दोन माडांचा साकव. देवकी भाताचं पातेलं उतरवायची, तनयाला वाढायची आणि दुपारच्या उन्हात त्याला शोधायला निघायची. कधी तो आंब्याखाली सापडायचा, कधी शेताच्या मेरेवर. जुलैत एकदा व्हाळात सापडला. साकवावरून पडून उताणा, पाणी कानांपर्यंत. चार बोटं पाणी जास्त असतं, किंवा तो पालथा असता, तर तिथेच संपलं असतं. बाबली नारळ घेऊन त्या वाटेने जात होता. दोघांनी मिळून त्याला वर ओढला.

"वयनी, हो एक दिस व्हाळातच रवतलो," बाबली धापा टाकत म्हणाला. मग त्याने जीभ चावली.

पेडण्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, यकृत गेलंय, आणि एकदम बंद केली तर आता आकडी येईल. बांबोळीला दाखल करा, तिथे बेताबेताने सोडवतील. देवकीने पिशवी भरली. गोकुळदासने ती परत रिकामी केली, एकेक कपडा घडी घालून.

"येवचंय नाय."

"कित्याक? त्यावेळाक तुमीच म्हणालास, थंय ठेव म्हणान."

"तेवां दारवेन धरल्यान होतो. आता तेणां धरलो आसा." त्याने वडाच्या दिशेला मान हलवली. "मीच सांगलंय तेका, माका बघून घे म्हणान. तो बघता आसा. तेच्या मधी डॉक्टराक घालू नको. तुमच्यार येतला, चेडवार येतला. माझ्यारच रवू दे."

तिने पायांवर डोकं ठेवलं. तनयाला पुढे केलं. रामचंद्र गावकराकडे जाऊन, बाहेरच उभं राहून, शपथ परत घेता येते का विचारलं. गावकर वाईट माणूस नव्हता. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "कौल घेवन बघलंय गो बाय. धोंड्याक लावलेली पाकळी सुटणा नाय, देव सोडणा नाय." देवकीलाही त्यात काही खोट दिसली नाही. तीही साळखणातलीच झाली होती.

*

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा होती. गांधीजींच्या तसबिरीला सुताचा हार घातलेला. विषय एकच: बाबलीने रस्त्याच्या पलीकडे नवी खोली बांधली होती आणि परवान्यासाठी गावाचा दाखला मागितला होता. इन्स्पेक्टर पुन्हा फीत घेऊन आला होता. या वेळी एकशे बारा मीटर भरले. कायद्याला हरकत नव्हती. गावाला आहे का, तेवढं विचारायचं होतं.

रामचंद्र गावकर उठला. "राखणदाराचो सोरो गावात गावूक होयो. परत एका घरात ठेवची चूक आमी करूचे नाय." पुरुषांत माना हलल्या.

सुमंगला उठली. दोन वर्षांपूर्वीचेच शब्द तिने पुन्हा सांगितले: सह्या, ठराव, शाळेची पोरं. छत्रीची गोष्ट तिने सांगितली नाही. ती ज्यांची होती त्यांच्यासाठी ठेवली. बोलताना ती देवकीकडे बघत होती.

देवकी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांपुढे शाळा नव्हती आणि राखणदारही नव्हता. साकव होता. इथून हमरस्ता चार किलोमीटर. इथून बाबलीची नवी खोली, तिच्या पायरीवरून दिसणारी. त्याला आता सोडवता येणार नव्हतं. ते दार त्याने स्वतःच्या हाताने, देवाला साक्षी ठेवून, बंद केलं होतं. उरलं होतं एवढंच, की तो कुठे पडेल.

"बाजूने असलेल्यांनी हात वर करा," पंचायतीचा सेक्रेटरी म्हणाला.

हात वर झाले. मग बायकांच्या बाजूचा एक.

"देवकी," सुमंगला हळू आवाजात म्हणाली. "हात खाली घे."

देवकीने ऐकलं. हात खाली घेतला नाही. सेक्रेटरी मोजत मोजत तिच्यापर्यंत आला, जरा अडखळला, आणि मोजून पुढे गेला. तिच्या एका हाताने काही अडलं नसतं. बाजूने त्रेचाळीस हात होते, विरोधात एकोणतीस. पण तो सगळ्यांनी पाहिला. एकसष्ट सह्यांच्या कागदावर पहिली सही तिची होती, तीही त्याच फायलीत तिथेच टेबलावर पडली होती. सुमंगला त्या दिवसानंतर तिच्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

बार उघडला त्या सकाळी देवकी बाबलीकडे गेली.

"सकाळी एक कोप, दुपारी एक. तेच्यापेक्षा जास्त मागलो तरी देऊ नको. सांजेचो मी घरात देतंय."

"बरां, वयनी." बाबलीने त्या दिवशी नाकाची थट्टा केली नाही. "मी हाताक धरून पोचवतंय तेका."

त्याने शब्द पाळला. सव्वा वर्ष पाळला. संध्याकाळचा कोप देवकी स्वतःच्या हाताने भरायची, वाढप करावं तशी, भाताच्या ताटाशेजारी ठेवायची. गोकुळदास तो दोन्ही हातांनी घ्यायचा आणि तिच्याकडे बघायचा नाही. माघात, दुपारी, ओटीवरच्या चटईवर तो गेला. देवकी जवळ होती, तनया जवळ होती. व्हाळात नाही, मेरेवर नाही, घरी. एवढ्यासाठी तिने हात वर केला होता, आणि एवढंच तिला मिळालं.

शिगम्यानंतर पाचव्या दिवशी वडाखाली गाव जमलं. फेणी बाबलीकडून आणलेली. ज्वाळ गुडघ्याच्या वर उठली, निळी, सरळ. "व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. ज्यांच्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं होतं ते आले नव्हते. देवकीला तो पुकारा घरी पायरीवर बसून ऐकू आला.

ती बाटली कुणी परत नेली नाही. देवाची म्हणून फोडता येईना, फेकता येईना. देवकीने ती राखेने घासून घेतली आणि तीत खोबरेल तेल भरलं. रोज सकाळी ती तनयाच्या वेण्या घालते. त्या सरळ येत नाहीत. बाटलीवरचा काळा दोरा अजून तसाच आहे. तेल त्याच्या खाली गेलं की ती पुन्हा दोऱ्यापर्यंत भरून ठेवते.